मासेरूतला पाहुणचार

"आबा, तुम्ही परत कधी जाणार?"

रणजितनं हे विचारलं तेव्हा आम्ही चौघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जेवत होतो. रविवारची दुपार. बाहेर जुलैची थंडी. त्या देशात सगळं आपल्या उलटं, जुलै म्हणजे ऐन हिवाळा. पायाशी रॉकेलचा हीटर जळत होता, तरी मटणाचा रस्सा बघता बघता थिजत होता.

"कुठं जाणार?" ह्यांनी विचारलं.

"ड्युटीवर."

"अरे, रोज सकाळी ड्युटीवरच जातो की मी."

"ते नाही. ते ऑफिस. ड्युटी म्हणजे लांब. जाता ना तुम्ही, ट्रंक घेऊन."

रणजित तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. जन्मल्यापासून त्यानं बाप पाहिला तो असाच: यायचा, दोन महिने राहायचा आणि ट्रंक उचलून जायचा. इथं सात महिने झाले तरी बाप जाईना, म्हणून पोरानं आपलं विचारलं. सुवर्णानं टेबलाखालून त्याला लाथ घातली. ती चौदाची होती, तिला कळत होतं.

हे मोठ्यानं हसले. जरा जास्तच मोठ्यानं. मग ताट माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "वाढ की आणखी. झ्याक झालंय." मी वाढलं. त्यांनी सगळं संपवलं आणि हात धुवायला उठून गेले.

लेसोथो नावाचा देश असतो हेच मला आधी माहीत नव्हतं. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका आणि मधे हा डोंगरांचा तुकडा. तिथल्या फौजेला शिकवायला आपल्या सैन्याची छोटी तुकडी जायची आणि आमचे हे, नायब सुभेदार सर्जेराव निकम, त्यात उस्ताद म्हणून गेले. दोन वर्षांची नेमणूक, कुटुंब बरोबर न्यायची परवानगी. गावातल्या बायका मला म्हणाल्या, "शालन, नशीब काढलंस." मलाही तसंच वाटलं. विमानात बसून मासेरूला आलो, विटांचं बैठं घर मिळालं, नळाला गरम पाणी. मागच्या अंगणात पीचचं झाड. आणखी काय पाहिजे माणसाला?

आता ह्याला वीस वर्षं होऊन गेली, पण त्या रविवारी मला काय पाहिजे होतं ते पक्कं आठवतंय. मला परत जायचं होतं. मुलांना घेऊन, येत्या शनिवारी. सगळं ठरलं होतं, फक्त ह्यांना सांगायचं राहिलं होतं.

आमच्या तुकडीतल्या नेगी सुभेदारांची बायको शनिवारी गढवालला परत निघाली होती. तिच्या नवऱ्याची मुदत संपत आली होती. एकटीनं जोहान्सबर्गचा विमानतळ पार करायची माझी छाती नव्हती, पण नेगीबाई पाच देश हिंडलेली बाई. मी तिच्यापाशी रडले तेव्हा ती म्हणाली, चल माझ्याबरोबर, शुक्रवारी सकाळपर्यंत ऑफिसात नावं दिली की झालं. गावची शाळा जूनमध्ये सुरू झालेली. आणखी उशीर झाला असता तर मुलांचं वर्ष बुडलं असतं. म्हणजे शुक्रवारच्या आत ह्यांना सांगणं भाग होतं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, नवऱ्याला सांगायचं, मी जाते म्हणून. तेच तर जमत नव्हतं.

आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. तो सुट्टीवर आला की घरात सण. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं, कोंबडं कापायचं. नवी चादर, नवा साबण. आणि तो घरात आहे तोवर त्याच्या कानावर वाईट काही घालायचं नाही. म्हैस मेली, भावकीत डोकी फुटली, पोर नापास झालं, कुणाला काही दुखलंखुपलं, सगळं दाराआड. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मला बजावलं होतं, "सुट्टीवरच्या माणसाला हसत लावून द्यायचं, पोरी. डोस्क्यात घरचा घोर घिऊन बंदूक धरली की माणूस चुकतोय." त्यांचा धाकटा दीर घरात भांडून गेला होता, तो परत आला नाही. त्यामुळं ह्यावर कुणी वाद घालत नसे.

सतरा वर्षं मी तसंच वागले. ह्यांना अधूनमधून क्वार्टर मिळायची, पण घर, शेती आणि पुढं अंथरुणाला खिळलेल्या आत्याबाई, हे सगळं टाकून कुठं जाणार? मग त्या गेल्या आणि वर्षाच्या आत ही नेमणूक आली.

आता हे सगळं दोन महिने ठीक असतं. दोन महिने कोणीही हसत काढतं. पण मासेरूला आल्यावर पहिल्या दिवशी मी कोंबडी केली, दुसऱ्या दिवशी मटण, तिसऱ्या दिवशी पुरणपोळी, आणि मग ते थांबवायचं कसं हेच मला कळेना. रोज तळण, रोज गोड. पहाटे उठून वाटणघाटण. हे घरी यायच्या आत मुलांची भांडणं मिटवायची, घर आवरायचं, स्वतः साडी बदलायची. हेही तसलेच. इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसायचे. जेवण झालं की ताट उचलायला उठायचे, मी म्हणायची, "राहू द्या, राहू द्या," की लगेच बसायचे. कपाटातला एक कप्पा मी त्यांच्यासाठी मोकळा ठेवला होता, पण धुतलेले कपडे ते घडी घालून पलंगाखालच्या ट्रंकेतच ठेवायचे. सात महिन्यांत आमच्यात एक वाकडा शब्द नाही. आणि मी इतकी दमले होते की आंघोळ करताना मोरीतच बसून राहावंसं वाटायचं.

मंगळवारी सुवर्णा शाळेतून आली ती हसतच. "आई, शेजारची मे माथाबो मला काय विचारत होती माहितीये?"

तिकडे बाईमाणसाला मे म्हणतात, म्हणजे आई. आणि माथाबो म्हणजे थाबोची आई. आपल्याकडं रणजितची आई म्हणावं तसं. भली बाई होती. तिचा नवरा जोहान्सबर्गकडच्या सोन्याच्या खाणीत जन्म काढून घरी आलेला, दिवसभर घोंगडी पांघरून मागच्या भिंतीला उन्हात बसलेला असायचा.

"काय विचारत होती?"

"म्हणाली, तुझे वडील कधी येणार? मी म्हटलं, हे काय, घरीच आहेत. तर डोळा मिचकावून म्हणते, अगं, मला वाटलं तो तुझा काका आहे. तुझी आई त्याच्याशी किती अदबीनं बोलते! मला वाटलं, दीर असेल, चार दिवस राहायला आलेला." सुवर्णा हसता हसता माझ्या तोंडाकडं बघून थांबली. "आई, गंमत सांगत होते गं."

"कळली गंमत," मी म्हटलं. "हात धू आणि लसूण सोलायला घे."

बुधवारी संध्याकाळी मी मनाचा हिय्या केला. मुलं आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती. हे भज्यांची बशी पुढं घेऊन बसले होते.

"आवो, एक बोलायचं हुतं."

"बोल की." त्यांनी भजं खाली ठेवलं आणि ताठ बसले. असे बसले की जणू साहेबानं बोलावलंय.

तो चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून काय निघालं? "मीठ बरोबर हाय न्हवं?"

"एकदम बरोबर," ते म्हणाले आणि भजं उचललं. मला स्वतःचा असा राग आला की भज्यांची कढई उचलून अंगणात फेकून द्यावी.

गुरुवारी ह्यांची अर्धी सुट्टी असायची, पण दर गुरुवारी परेड लांबते म्हणून दोनच्या पुढं यायचे. त्या दिवशी मी खिमा शेगडीवर ठेवून मागं कपडे वाळत घालायला गेले. तारेवर चादर टाकली आणि सहज कुंपणापलीकडं नजर गेली.

माथाबोबाईच्या घराच्या मागच्या भिंतीशी बाटल्यांचा रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर आमचे हे बसले होते. अंगावर वर्दी, बाह्या दुमडलेल्या, मांडीवर पत्र्याची ताटली. ताटलीत मक्याच्या पिठाचा घट्ट पांढरा गोळा आणि कसलीशी हिरवी भाजी. तिकडचं रोजचं गरिबाघरचं जेवण ते. आणि हे काय खात होते! बोटांनी गोळा मोडून, भाजीत घोळून, बोटं चाटून. शेजारी घोंगडीतला म्हातारा काही बोलत होता, हे मान डोलवत होते, माथाबोबाई आणखी डाव वाढत होती. सात महिन्यांत माझ्या टेबलाशी ह्या माणसाला असं जेवताना मी बघितलं नव्हतं.

त्यांनी वर बघितलं. हात तिथंच थांबला.

 मी घरात आले आणि खिम्याखालची शेगडी बंद केली. दोन मिनिटांत हे मागच्या दारानं आत, हात ओलेच.

"शालन, अगं त्या म्हाताऱ्यानं बळंच बसवलं."

"दर गुरवारी बळंच बसवतोय व्हय?"

ते ओले हात पँटला पुसायला लागले.

"माझ्या हातचं गोड लागत न्हाई म्हणा की सरळ."

"तसं न्हाई गं."

"मग कसं?"

त्यांनी वर्दीच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "पित्ताच्या हायत. मार्चपासनं खातोय. रोज मटण, रोज तळल्यालं, वर गोड. छातीत आग आग होती शालन. डॉक्टर म्हणला, साधं खा."

"मग मला सांगायला तोंड न्हवतं?"

"तू एवढं हौसेनं करतीस, म्हटलं..."

"हौसेनं?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "कुणाला हौस आलीया? मी दमलेय! पहाटंपासनं रातपर्यंत राबतेय आन तुम्ही म्हणताय हौस!" हातातला डाव मी पातेल्यात आपटला. खिम्याचा रस्सा उडून त्यांच्या इस्त्रीच्या वर्दीवर सांडला. "मी शनवारी चाललेय. नेगीबाईसंगं. पोरांना घिऊन."

असं ते बाहेर पडलं. सांगायचं ठरवलं होतं एक आणि झालं भलतंच.

हे वर्दीवरच्या डागाकडं बघत राहिले. मग विचारलं, "कायमची?"

"तुमची मुदत सरंपर्यंत. पुढं या की सुट्टीवर, दोन महिने. तेवढं जमतंय मला. समदं करीन, हसत करीन."

"आता सुट्टी कुठली, शालन." ते सावकाश खाली बसले, फरशीवर, भिंतीला टेकून. मी त्यांना असं फरशीवर बसलेलं कधी बघितलं नव्हतं. "सुभेदारी न्हाई मिळाली. माझा नंबर लागला न्हाई. हितनं गेलो की पेन्शन. घरी."

 गावानं तर ह्यांना कधीच सुभेदार करून टाकलं होतं. सुभेदारी मिळाली असती तर आणखी काही वर्षं नोकरी होती, मुलांची शिक्षणं निघाली असती.

"कवा कळलं?"

"दिवाळीच्या आधी."

"म्हंजे हितं यायच्या आधी? आन मला आता सांगताय?"

"म्हणूनच तर ही पोस्टिंग मागून घेतली." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "हितं कुटुंब आणता येत हुतं. म्हटलं, एकदम घरी जाऊन बसलो तर काय जमणार मला? पोरांशी काय बोलायचं ठावं न्हाई. कुठल्या डब्यात काय असतंय ठावं न्हाई. सुवर्णा कितवीत हाय ते मला बोटं मोजून सांगावं लागतं. दोन वर्सं परमुलखात चौघंच ऱ्हायलो तर सराव हुईल. कुठलंबी काम सरावाबिगर अंगावर घ्यायचं नसतं. म्हाताऱ्याकडं पण त्यापायीच जायचो. त्याला विचारायचो, खाणीतनं घरी आलास, पयलं वरीस कसं काढलंस?"

"काय म्हणला?"

"म्हणला, बायको अजून चांगल्या कपातच चहा देती."

मला हसू आलं आणि त्याचा आणखीच राग आला. "मग सराव चाललाय म्हणून मला सांगायचं न्हाई? तुम्ही सराव करताय आन मी पाहुणचार करतेय! सात महिने!"

"तू तरी मला काय सांगतीस?" आता त्यांचाही आवाज चढला. "सतरा वर्सांत तुझ्या तोंडनं एक वाईट बातमी ऐकली न्हाई मी. समद्यांच्या घरात भानगडी. मी बराकीत सांगायचो, आमच्या घरात बघा, कवा काय न्हाई."

"ऐकायच्यात वाईट बातम्या? ऐका मग."

आणि मी सुरू केलं. रणजित तीन वर्षांचा असताना विहिरीत पडला होता, शेजारच्या नामदेवनं कपड्यानिशी उडी टाकली म्हणून आज आहे. आत्याबाई शेवटच्या वर्षी मला ओळखत नव्हत्या, चोर म्हणून हाक मारायच्या, अंगावर भांडी फेकायच्या. तुमच्या भावानं वरच्या वावराचं पाणी तोडलं, मी एकटी तहसीलला खेटे घालून ते परत सोडवून आणलं.  मला थांबता येत नव्हतं, म्हणून थांबले नाही.

"आन सुवर्णाच्या पाठीवर एक हुतं. सहाव्या महिन्यात गेलं."

त्यांची मान वर झाली. 

"कवा?"

"तुम्ही सिक्कीमला हुता. थंडीचे दिवस."

"त्या साली मी थंडीतच सुट्टीवर आलो हुतो."

"व्हय. मी उठून कामाला लागले त्याच आठवड्यात आला तुम्ही."

"कुठं... कुठं ठिवलं त्याला?"

"वरच्या वावरात. बांधावर, बोरीखाली."

त्यांनी डोळे मिटले.  मग अगदी हळू म्हणाले, "बोरीखाली आम्ही हुरडा भाजला त्या साली. दोस्तांना घिऊन."

"व्हय."

"चटणी तू आणून दिलीस."

"व्हय."

"हसत."

मी मान डोलवली.

आणि मग ते ओरडले. सतरा वर्षांत पहिल्यांदा तो माणूस माझ्यावर ओरडला. "माणूस हायस का कोण हायस तू? माझं पोर हुतं ते! मी त्याच्या उशाला बसून हुरडा खातोय, हसतोय, गाणी म्हणतोय, आन तू मला चटणी वाढतीस?" ते उठले, टेबलावर हात आपटला, तशी काचेची ताटली खाली पडून फुटली. "माझ्या आईनं सांगितलं आन तू ऐकलंस! मला एक डाव विचारलंस? बंदूक धरताना काय हुईल ते माझं मी बघितलं असतं! माझं पोर माझ्यापासनं चोरलंसा तुम्ही सगळ्यांनी!"

"मग मी काय करायचं हुतं?" मीही ओरडले. "तुम्ही निघून जाणार, आन मी? मी रडत बसायचं आन तुम्ही परत आला न्हाई तर?"

"तर न्हाई आलो तर न्हाई आलो! रडायचं हुतंस!"

ते रडत होते. मीही. दारात बघते तर मुलं, शाळेची दप्तरं पाठीवर. रणजितचा चेहरा पांढराफटक पडला होता. सुवर्णानं त्याच्या खांद्यावरचं दप्तर काढून घेतलं आणि त्याला ओसरीच्या पायरीवर नेऊन बसवलं. "बस गपचूप. आई-आबा बोलतायत," ती म्हणाली. कुंपणापाशी माथाबोबाई येऊन उभी होती. तिनं थोडं ऐकलं आणि घोंगडी सावरत घरात निघून गेली. नवरा-बायकोच्या भांडणात पडायचं नसतं हे तिकडंही असावं.

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते. वाईट वाटायला पाहिजे होतं, पण नाही वाटलं. त्या पोराचं मी कुणाजवळ नावही काढलं नव्हतं. आत्याबाईंनी दुसऱ्याच दिवशी माझ्या हातात परडी देऊन शेतात पाठवलं होतं. इतकी वर्षं ते पोर मी एकटीनं धरून ठेवलं होतं. त्या दुपारी पहिल्यांदा दुसरं कुणीतरी त्याच्यासाठी आरडाओरडा करत होतं. मला वाटलं, अजून ओरडा. अजून दोन ताटल्या फोडा.

रात्रीला मी वरण-भात लावला आणि पातेली टेबलावर ठेवून दिली. कुणाला वाढलं नाही. हे आले, डोळे सुजलेले, आणि चमचा शोधायला लागले. एक ड्रॉवर उघडला, दुसरा उघडला, तिसऱ्यात गाळण्या निघाल्या. मी सांगितलं नाही. शेवटी रणजित म्हणाला, "आबा, तो उजवीकडचा," आणि उठून काढून दिला. मग दोघंही शेजारी बसून मुकाट्यानं जेवले. खिमा तसाच राहिला, दुसऱ्या दिवशी सुवर्णानं तो माथाबोबाईकडं नेऊन दिला.

शुक्रवारी सकाळी मुलं शाळेत गेली. हे धुतलेली वर्दी घालून दारात उभे राहिले. डाग नीट गेला नव्हता. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहा पीत होते. हाड न् हाड दुखत होतं.

"आज नावं द्यायची हायत," ते म्हणाले.

"व्हय."

"तू म्हणशील तसं. मी अडवत न्हाई."

जाणं सोपं होतं. गावी माझं घर होतं, ओळखीची माणसं होती, जरा पाठ टेकायला मिळाली असती. पण आदल्या दिवशी मी तीन-चारच गोष्टी सांगितल्या होत्या. त्या सांगितल्यावर रात्रभर पुढच्या पुढच्या आठवत राहिल्या. कुठलं साल, कुठलं पोर आजारी, कुठल्या दिवशी मी कुणाच्या दारात जाऊन उभी राहिले. आणि त्यांचंही होतंच की. सिक्कीमला, काश्मीरला ह्या माणसानं काय काय बघितलं, त्यातला एक शब्द मला माहीत नव्हता. मी निघून गेले असते तर ते पुन्हा ट्रंक घेऊन गावी आले असते, मी उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळला असता आणि दोघांची तोंडं पुन्हा शिवली गेली असती.

"थांबा," मी म्हटलं. "अजून माझं सांगून झालं न्हाई."

"किती ऱ्हायलंय?"

"लई ऱ्हायलंय."

ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. "मग ऑफिसात काय सांगू?"

"हेच सांगा."

मला वाटलं, काहीतरी सरकारी कारण देतील. मुलांची शाळा, तब्येत, काहीही. पण शनिवारी नेगीबाईला निरोप द्यायला मासेरूच्या विमानतळावर गेलो तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून हसायलाच लागली. तिच्या नवऱ्यानं तिला सगळं सांगितलं होतं. आमचे हे साहेबांपुढं सावधान उभे राहिले, सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "सर, निकम परिवार नहीं जा रहा है. मेरी वाइफ की बात अभी पूरी नहीं हुई."

साहेबांनी विचारलं, "कितने दिन लगेंगे?"

"पता नहीं, सर," हे म्हणाले. "सत्रह साल की बात है."